कोंबडीच्या शेपटाखाली माश्या का बसतात?

माश्यांना नुसती घाण पुरत नाही, ओली घाण लागते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा खुराड्यातली सकाळची शीट दुपारपर्यंत वाळून खडखडीत होते आणि माश्या त्या मानाने कमी दिसतात. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की तेच खुराडं, तेवढ्याच कोंबड्या, पण दांडीखाली माश्यांचा थर. बदलते ती फक्त ओल. कोंबडीच्या ताज्या शिटेत सुमारे ७५ टक्के पाणी असतं. घरमाशीची अळी अशा ओलसर शिटेत मजेत वाढते, आणि ओल ३० टक्क्यांच्या खाली गेली की तिथे तिचं काही चालत नाही.

हे एवढ्यासाठी आधी सांगितलं, की आपल्याकडे स्वच्छता म्हटली की हात पाण्याच्या पाइपाकडे जातो. त्यात शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी आलं की पिंपं भरायची, अंगण धुवायचं आणि त्याच झपाट्यात खुराड्यावरही पाइप फिरवायचा, हे पेठांमधून घरोघरी चालतं. फरशी चकाचक दिसते. पण कोपऱ्यात साचलेली पातळ शीट, फळ्यांच्या फटीत मुरलेलं पाणी आणि कडेच्या मातीत झालेला चिखल ही माशीसाठी घातलेली पंगतच. खुराडं झाडायचं, खरवडायचं आणि कोरडं ठेवायचं. धुवायचंच असेल तर वर कडक ऊन आहे, कोंबड्या बाहेर आहेत आणि संध्याकाळपर्यंत जमीन पूर्ण वाळणार आहे, अशा दिवशीच.

आता माश्यांकडे बघू. खुराड्याभोवती त्या मुख्यतः दोन प्रकारच्या दिसतात आणि त्यांचे धंदे वेगळे आहेत.

एक नेहमीची करडी घरमाशी. ती शिटेत, ओल्या भुशात, सांडलेल्या खाद्यात अंडी घालते. उकाड्याच्या दिवसांत अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा प्रवास ७ ते १० दिवसांत पुरा होतो. ती सहसा कोंबडीला थेट इजा करत नाही, पण जंतू इकडून तिकडे नेते. शिवाय कोंबड्यांच्या एका जातीच्या पट्टकृमीचं पिल्लू या माशीच्या पोटात वाढतं. कोंबडीने माशी टिपून खाल्ली की तो जंत कोंबडीत. ‘कोंबड्या खातात की माश्या, बरंच आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी हिरवी-निळी चकाकणारी, अंगाने थोडी मोठी, उडताना मोठा आवाज करणारी. ही कुजक्या मांसावरची माशी. मेलेला उंदीर, मासळी धुतलेलं पाणी, फुटून सडलेलं अंडं यांचा वास तिला लांबून येतो. आखाडात घरोघरी मटण शिजतं आणि कचऱ्यात हाडं-आतडी पडतात, तेव्हा ती गल्लीत हमखास दिसते. खरा धोका हिच्यापासून. शेपटाखालची पिसं शिटेने लडबडून ओली राहिलेली कोंबडी तिच्या नाकाला कुजक्या मांसासारखीच वाटते. ती पिसांत अंडी घालते, एका वेळी दीड-दोनशेसुद्धा. उकाड्यात ती ८ ते २४ तासांत फुटतात आणि अळ्या कातडीत शिरतात. सकाळी ठीक दिसलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान टाकून बसलेली सापडते ती अशी. गाई-म्हशींच्या जखमेत किडे पडतात तोच प्रकार. फरक एवढाच की म्हशीची जखम आपल्याला दिसते, कोंबडीची पिसांखाली झाकलेली असते.

मागचा भाग घाण का होतो

निरोगी कोंबडीचा मागचा भाग सहसा स्वच्छ असतो, आणि त्यासाठी तिला आपली गरज लागत नाही. शेपटाच्या बुडाशी वरच्या बाजूला तेलाची एक गाठ असते. चोचीने तिथलं तेल घेऊन ती पीसन् पीस विंचरते. दुपारी मातीत लोळून अंगावरच्या उवा आणि जादा तेल झाडून टाकते. अंडं घालतानाही अंडनलिकेचं तोंड बाहेर उलटतं, त्यामुळे शीट आणि अंडं एकाच दाराने येत असली तरी अंडं स्वच्छ येतं.

म्हणून शेपटाखाली गोळे लटकलेले दिसले तर ती कोंबडी घाणेरडी आहे असं समजू नका. तिचं काहीतरी बिनसलंय. धुवून टाकलं आणि कारण शोधलं नाही, तर आठवड्यात पुन्हा तेच.

आधी शीट बघायची. चांगली शीट तपकिरी, आकार धरलेली आणि वर पांढरी टोपी असलेली असते. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवीच, कारण पक्ष्यांना ती वेगळी होत नाही. दिवसातून दोन-तीनदा मोहरीच्या रंगाची किंवा गडद तपकिरी, चिकट आणि भयंकर वासाची शीट पडते. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि अगदी नेहमीची असते. नवे पाळणारे हिलाच हगवण समजून औषधाला धावतात. शिटेत रक्त दिसलं तर रक्ती हगवणीची शंका घ्यायची. हिरवी पातळ शीट आणि जोडीला मान वाकडी किंवा धाप असेल तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. या दोन्हींत वेळ घालवायचा नाही, आजारी कोंबडी वेगळी करून डॉक्टरांना दाखवायची.

पण सोलापुरात पातळ शिटेचं रोजचं कारण बहुधा साधं असतं: ऊन आणि मीठ. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास, त्यात बाहेर ४२. मग ती चोच उघडून धापा टाकते आणि भरपूर पाणी पिते. जादा पाणी मागून बाहेर पडतं. त्यावर पाणी तोडायचं नाही, तो जीवघेणा उपाय आहे. सावली वाढवायची, पाणी गार ठेवायचं आणि कलिंगडाच्या साली किंवा काकडी भर दुपारी ढीगभर न देता थोडी-थोडी द्यायची. मिठाचं तर आपल्या लक्षातच येत नाही. उरलेल्या भाकरीला शेंगाचटणी लागलेली असते, फरसाणाचा चुरा असतो, आमटीचा तळ असतो. हे सगळं खारट. खारट खाल्लं की पाणी जास्त, पाणी जास्त की शीट पातळ. भाकरी कोरडी द्या, ज्वारी-मका द्या, ताटातलं उरलंसुरलं सरसकट ओतू नका.

याशिवाय जंत असतात. अति लठ्ठ किंवा म्हाताऱ्या कोंबडीची चोच मागपर्यंत पोचत नाही. पाय दुखणारी कोंबडी बसूनच राहते. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, दिवसातून जेमतेम एकदा घरट्यावरून उठते आणि एकदम मोठी थापी टाकते. कोंबड्याच्या चढण्याने पाठीवर ओरखडे असलेल्या कोंबड्यांचाही यात नंबर लागतो, त्यांच्याकडे माशी पाठीवरूनच येते. पावसाळ्यात नजर ठेवायची ती आधी या मंडळींवर.

आणखी एक दुखणं आहे. मागचा भाग लालभडक, पांढरट-पिवळा चिकट स्राव आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास. हा बहुतेक वेळा बुरशीचा संसर्ग असतो आणि धुण्याने जात नाही. त्याला डॉक्टरच लागतात.

उचलून बघायचं कसं

संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की त्या सुस्त होतात, पळापळ होत नाही. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचला आणि तोंड मागे, शेपूट पुढे अशी काखेत धरा. दुसऱ्या हाताने शेपटाखालची पिसं उलटी फिरवा. मोबाईलची बॅटरी कोणीतरी धरली तर उत्तम.

अंड्यावरच्या कोंबडीचं गुद मोठं, ओलसर आणि फिकट गुलाबी असतं. अंडी न देणाऱ्या कोंबडीचं आवळलेलं, कोरडं, पिवळसर. आजूबाजूची कातडी फिकट आणि सलग हवी. पिसांच्या मुळाशी पांढरट, घट्ट चिकटलेला थर दिसला तर त्या उवांच्या लिखा. फुंकर मारली की पिवळट उवा कातडीवरून सैरावैरा पळतात. उवा आख्खं आयुष्य कोंबडीच्या अंगावरच काढतात आणि औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. म्हणून ८-१० दिवसांनी औषधाचा दुसरा हात फिरवावाच लागतो. गोचीड आणि लाल पिसवा (रेड माइट) मात्र दिवसा लाकडाच्या फटीत, मातीच्या भिंतीच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. त्या दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधून सापडणार नाहीत, दांडीच्या खाचेत शोधा.

पिसांत जाड रव्याच्या दाण्यांसारखे पिवळसर-पांढरे पुंजके चिकटलेले दिसले तर ती हिरव्या माशीची अंडी. या क्षणी काम सोपं आहे: ती पिसं कातरा, जागा धुवा, वाळवा. उद्यावर टाकलं तर सोपं राहणार नाही.

जून ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा सगळ्या कोंबड्या आणि वर सांगितलेल्या नाजूक कोंबड्या रोज बघायच्या. सोलापूरला पावसाचा सगळ्यात मोठा महिना सप्टेंबर असतो, तेव्हा गणपती गेले म्हणून हात सैल सोडू नका.

धुणं

सगळी कोंबडी भिजवायची गरज नसते. घमेल्यात कोमट पाणी घ्या, मनगटावर ओतून बघा, चटका नको. फक्त मागचा भाग पाच-सात मिनिटं बुडवून धरा, पाठीवर एक हात ठेवा. बहुतेक कोंबड्या कोमट पाण्यात डोळे मिटून शांत होतात. गोळे मऊ झाले की बोटांनी चिमटीत चुरडून काढा. लहान बाळाचा सौम्य साबण चालेल, भांड्याचा नको.

वाळलेला गोळा ओढायचा नाही, हे ठळक अक्षरात लिहावं असं आहे. तिथली कातडी फार पातळ असते. पिसासकट सोलून आली तर तुम्हीच माशीला जखम करून दिली. सुटत नसेल तर गोल टोकाची कात्री घ्या आणि कातडी व कात्री यांच्यामध्ये आपलं बोट ठेवून पीस कापा. पिसं झडून नवी येत असतील तर निळसर, रक्त भरलेले कोवळे दांडे दिसतात. ते कापू नका, भळाभळा रक्त येतं.

मग वाळवणं. सोलापुरात जुन्या टॉवेलांना काही तोटा नाही. एकाने पाणी टिपा, दुसऱ्यात गुंडाळून बसवा. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात सोडा, भर दुपारी नको. पावसाळी दिवस असेल तर केस वाळवायचं यंत्र मंद आचेवर, हातभर लांब धरून. पिसं वरून कोरडी वाटतात, पण खालचा कापूस ओला राहतो, तिथे बोट घालून बघा. अर्धवट वाळवलेली कोंबडी खुराड्यात सोडण्यापेक्षा न धुतलेली बरी.

खुराडं

खुराड्याचं गणित माशीच्या वाढीवर बसवायचं. पिढी ७ ते १० दिवसांत तयार होते, म्हणजे आठवड्यातून एकदा शीट काढणारा माणूस नेमका उशीर करतो. आठवड्यातून दोनदा काढली तर अळी उडायच्या आत बाहेर पडते. दांडीखालची तर रोज सकाळीच, कारण रात्रभराची बरीचशी शीट तिथेच साठते. दांडीखाली पत्रा किंवा जुनी फळी टाकून त्यावर चुलीची राख भुरभुरली की सकाळी खरवडणं दोन मिनिटांचं काम.

अनेक घरांत अजून कोंबड्या रात्री डालग्याखाली झाकतात. चार कोंबड्या एका डालग्याखाली रात्रभर आपल्याच शिटेत बसतात आणि सकाळी बाहेर येतात त्या छाती-पोट माखून. डालगं वापरायचंच असेल तर खाली गोणपाट, त्यावर राख-भुसा, आणि गोणपाट रोज उन्हात. त्यापेक्षा जमिनीपासून दोन फुटांवर एक आडवी दांडी बसवलेली चांगली.

अंथरायला काय, हा इथला खरा प्रश्न. भाताचं तूस आपल्या भागात सहज मिळत नाही. लाकडाच्या वखारीतला जाड भुसा किंवा भुईमुगाच्या शेंगांची कोरडी टरफलं चालतात. टरफलांवर काळी-हिरवी बुरशी दिसली तर ती आत आणू नका, कोंबड्या ती टोचतात आणि बुरशीचं विष पोटात जातं. कडब्याची कुट्टी उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात ती ओल धरून आंबते. यंत्रमागाच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत मात्र कितीही फुकट आणि मऊ मिळालं तरी अंथरू नका. धागा बोटांभोवती आवळतो, गिळला तर गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीत अडकतो.

भुसा ठीक आहे की नाही ते मुठीत दाबून कळतं. मूठ उघडल्यावर भुसा सुटा झाला तर चांगला, लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे, बदला. सगळ्यात जास्त ओल पाण्याच्या भांड्याभोवती असते. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं तर सांडणं बरंच कमी होतं.

आपली काळी माती पावसात कशी चिकटते ते नव्याने सांगायला नको. कोंबड्यांच्या पायांना, पोटाच्या पिसांना ती लिंपली जाते आणि वर शीट बसते. खुराड्यापुढे चार-सहा इंच मुरूम टाका. धूळ-अंघोळीला छपराखाली एक जुनं टायर किंवा खोका ठेवून त्यात बारीक चाळलेली कोरडी माती आणि राख घाला. पावसाळ्यात बाहेर कोरडी धूळ उरत नाही. कोंबडी लोळायची बंद होते, उवा वाढतात, पिसं मळतात, म्हणून ही जागा पावसाळ्यातच जास्त लागते.

काढलेली शीट खुराड्याच्या मागे ढीग करून ठेवली तर सगळी मेहनत पाण्यात. अळी मोठी झाली की ओल सोडून कडेच्या कोरड्या मातीत शिरते आणि पिंगट कोश करते. ढिगाची कड उकरली तर ते कोश ओंजळभर निघतात. उन्हाळ्यात शीट पत्र्यावर बोटभर जाडीने पसरली की आपलं ऊन तिला दिवसभरात वाळवतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. झाडांना ताजी घालू नका, मुळं जळतात, कुजवून मगच.

सापळा लावायचा तर बाटलीत गुळाचं पाणी चालतं, पण तो खुराड्यात टांगू नका. वासाने लांबच्या माश्याही आत येतात. पंधरा-वीस फूट दूर लावा. माश्या मारायचं विषारी आमिष तर नकोच, मेलेली माशी कोंबडी टिपणारच.

किडे पडलेच तर

कोंबडी कोपऱ्यात एकटी, शेपूट खाली, मागे वळून सारखी टोचतेय, जवळ गेल्यावर सडका वास. उचलून पिसं बाजूला केली की अळ्या वळवळताना दिसतात. दिसतात त्याहून आत जास्त असतात, उजेड पडला की त्या आत सरकतात.

तिला घरात, माशी जाणार नाही अशा जागी आणा. भोवतीची पिसं ऐसपैस कातरा. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घालून सुई नसलेल्या सिरिंजने जखमेत जोराने सोडा. अळ्या बाहेर येतील तशा चिमट्याने उचला. जखम धुवून पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, टिपून कोरडी करा. तीन-चार तासांनी पुन्हा तपासा. राहिलेली काही अंडी तोवर फुटलेली असू शकतात, त्यामुळे एकदा साफ केलं म्हणजे झालं असं होत नाही. आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारा. वेदना थांबवायचं आणि संसर्गाचं औषध लागतं. अळ्या मारायचं औषधही डॉक्टरांनी वजन बघून द्यायचं असतं. त्या औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, ते आवर्जून विचारून घ्या.

शेजारच्या मावशी सांगतील, ‘फिनेल ओता की त्यात, मरतंय सगळं.’ मरतंय, कोंबडीसकट. फिनेल, रॉकेल, गाडीचं काळं ऑइल, टर्पेंटाईन यातलं काहीही नको. म्हशीच्या खुराला टर्पेंटाईनचा बोळा लावतात हे खरं. पण कोंबडीची कातडी कागदाइतकी पातळ, आणि ती लावलेलं सगळं चोचीने विंचरून पोटात घेते. गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजाने फवारणंही याच कारणासाठी टाळायचं.

बरी होईपर्यंत तिला वेगळी ठेवा. बाकीच्या कोंबड्यांना लाल जखम दिसली की त्या टोचतात आणि एका दिवसात भरत आलेली जखम पुन्हा उघडते. कातडी पूर्ण बंद झाली, नव्या पिसांचे कोंब दिसले की मग रात्री, सगळ्या झोपल्यावर, दांडीवर नेऊन बसवा. भरदिवसा सोडली तर परत आल्याबद्दलची मारामारी होते.